रात्री साडेबाराची बस, कानातली शिट्टी आणि संथ इलेक्ट्रॉनिक संगीत

गोदाकाठचा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा धागा काढायचा होता. आज साप्ताहिक सुट्टी आहे आणि सकाळपासून पावसाने नुसती झोड उठवलीये, म्हणून बसलोच लिहायला.

मी नाशिकला अंबडच्या कारखान्यात सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, काम करतो. दुसरी पाळी, म्हणजे रात्री बाराला सुटतो आणि साडेबाराच्या बसने पाथर्डी फाटा, द्वारका करत म्हसरूळला घरी. नऊ वर्षं झाली या गोष्टीला. मशीन बंद केलं तरी डोक्यात ते सुरूच राहतं हे या लाइनीतल्या सगळ्यांना माहितीये, पण गेल्या उन्हाळ्यात माझ्या डाव्या कानात बारीक शिट्टी सुरू झाली ती थांबेचना. दिवसा गोंगाटात कळत नाही, रात्री उशीला डोकं टेकलं की सुरू. कंपनीत इअरप्लग मागून मागून थकलो, शेवटी स्वतःच्या पैशाने आणले. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की एकदम शांत खोलीत झोपू नका, तिथे शिट्टी जास्त जाणवते, काहीतरी हलकं बारीक आवाजात लावून ठेवत जा, आणि इअरफोनचा आवाज मात्र अजिबात वाढवायचा नाही.

आता हलकं म्हणजे काय लावणार? जुनी गाणी लावली तर शब्द पाठ आहेत, मन शब्दांच्या मागे पळतं आणि झोप उडते. बासरी चांगली वाटली, पण वरच्या सप्तकात गेली की नेमकी त्या शिट्टीला जाऊन भिडायची. मग आमच्याकडच्या एका ट्रेनी पोराने मला एक अल्बम पाठवला. स्वीडनमधल्या गोथेनबर्गची दोघांची जोडी आहे, कार्बन बेस्ड लाइफफॉर्म्स नावाची, त्यांचा हायड्रोपोनिक गार्डन, २००३ चा.

पहिल्यांदा बसमध्येच लावला. सुरुवातीला वाटलं काही लागलंच नाही. आवाज वाढवणार होतो, तेवढ्यात डॉक्टरांचं आठवलं आणि हात मागे घेतला, आणि मग लक्षात आलं की खालून काहीतरी कधीचंच वर यायला लागलंय. पहाटे गंगापूर धरणावर धुकं असतं तेव्हा पलीकडचा काठ कसा 'आता दिसला' असं म्हणता येत नाही, तो दिसतच असतो थोडा थोडा, तसं. बस उड्डाणपुलावर चढली, खिडकीची काच पाण्याने भरलेली, दिव्यांचा उजेड पुढच्या सीटच्या पाठीवरून सरकत सरकत माझ्या गुडघ्यावर यायचा आणि मागे जायचा, आणि ठोका इतका संथ की एका दिव्यापासून दुसऱ्या दिव्यापर्यंत तो आरामात पोचायचा. द्वारकेला अर्धी बस उतरली ते मला कळलं नाही. शिट्टी गेली नव्हती हो. पण ती त्या संगीतातलाच एक सूर होऊन गप बसली होती. गेल्या कित्येक महिन्यांत मी पहिल्यांदा तिच्याशी न भांडता घरी आलो.

तेव्हापासून हेच ऐकतोय. अँबिअंट, डाउनटेम्पो, चिलआउट, नावं बरीच आहेत. मला विचारायचंय ते हे, की तुमच्यापैकी कोण ऐकतं, कधी ऐकता, कुठे बसून ऐकता? आणि ऐकताना नक्की काय होतं ते कुणाला सांगता येतं का? मला घरी सांगता येत नाहीये. आमचे अण्णा भजनी मंडळातले, ५० वर्षं टाळ वाजवलाय, त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "अरे पण यात गाणं कुठंय?"

सह्याद्रीपुत्र

भाऊ, पहिल्यांदा कानाची काळजी घ्या. मी सातपूरला होतो, आता रिटायर. रोज आठ तास ८५ डेसिबलच्या वर आवाज राहिला की कान हळूहळू कायमचा जाऊ शकतो हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. आता नातू बारीक आवाजात बोलला की ऐकू येत नाही मला. इअरप्लग स्वतःचे का होईना, घालत जा, ते काढून शेजाऱ्याशी बोलू नका.

संगीतातलं मला कळत नाही पण बसचं वर्णन वाचून माझ्या पाळ्या आठवल्या.

षड्जपंचम

मी गाणं शिकवते, कॉलेज रोडला छोटा क्लास आहे. तुमचा अल्बम काल रात्री पूर्ण ऐकला, मगच लिहितेय.

अण्णांचा प्रश्न मला बरोबर वाटतो. तानपुरा तासभर वाजला तरी त्याला आम्ही मैफल म्हणत नाही. तानपुरा ही जमीन आहे, तिच्यावर कुणीतरी चालायला पाहिजे. रागात एकेका स्वराने बढत होते, आधी खर्जात, मग मध्य सप्तकात, वरच्या षड्जाला पोचेपर्यंत ऐकणारा वाट बघतो आणि तो लागला की आपोआप 'वा' जाते. या संगीतात ती वाट बघणंच नाहीये. छान वाटलं, पण कुठेही 'वा' गेली नाही.

एक मात्र सांगते. साधारण तिसऱ्या मिनिटाला तो जो खालचा लांबलचक आवाज आहे ना, त्याच्या आत मला वरचा एक स्वर ऐकू यायला लागला जो कुणी वाजवत नव्हतं. आमच्याकडे खर्जाची तार नीट जवारी लावलेली, म्हणजे घोडीवर दोरा सरकवून झणझणती केलेली, असली की तिच्यातून गंधार ऐकू येतो, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. नव्या मुलांना तो ऐकायला सहा सहा महिने लागतात. मी डोळे मिटून बसवते त्यांना, तानपुरा सोडून काही वाजत नाही, आणि एक दिवस कुणीतरी दचकून म्हणतं, मॅडम आला! तसं काल माझं झालं.

गोदाकाठचा

षड्जपंचम ताई, तुम्ही पूर्ण ऐकून लिहिलंत याचं फार बरं वाटलं.

बढत नाही हे अगदी मान्य. पण मला वाटतं यात पुढे जायचं नसतंच. संध्याकाळी गच्चीवर बसलं की चामर लेण्याचा डोंगर आधी तपकिरी दिसतो मग जांभळा मग नुसताच काळा आकार, डोंगर काही हललेला नसतो, उजेड बदललेला असतो. या संगीतात सूर तेच राहतात आणि त्यांच्यावरचा उजेड बदलतो असं मला वाटतं. 'वा' जात नाही हे खरंय. माझा श्वास मात्र लांब होतो, आणि तो लांब झालाय हे मला नंतर कळतं.

स्वयंभू गंधार हे आजच कळलं. आज रात्री शोधतो.

ओली_टेप

मी हे संगीत करतो, घरीच, लॅपटॉप आणि एक जुना सिंथ, म्हणजे सिंथेसायझर. इंदिरानगरला राहतो. 'उजेड बदलतो' हे तुम्ही म्हणालात ते तांत्रिकदृष्ट्याही खरंय म्हणून लिहितो.

जो लांब पसरलेला आवाज असतो त्याला आम्ही पॅड म्हणतो. पियानोची पट्टी दाबली की आवाज लगेच येतो, पॅडमध्ये तो दोन दोन, पाच पाच सेकंद घेऊन चढतो आणि बोट काढल्यावरही तितकाच वेळ घेऊन विरतो. त्यामुळे कुठला सूर कधी सुरू झाला त्याची कडच कानाला सापडत नाही, तुम्हाला जे धुक्यासारखं वाटलं ते याच्यामुळे. मग त्यावर फिल्टर असतो, तो वरच्या कंपनांना झाकतो, तो अगदी सावकाश उघडायचा, कधी चार मिनिटं लावून. सूर तोच पण बंद खोलीतून हळूहळू दार उघडत गेल्यासारखा होतो. आणि रिव्हर्ब, म्हणजे पांडवलेण्यात टाळी वाजवल्यावर मागे जे राहतं ते.

वेगाचं म्हणाल तर लग्नातल्या डीजेत मिनिटाला १२५-१३० ठोके असतात, डाउनटेम्पोत साधारण ७० ते १००. शांत बसलेल्या माणसाच्या नाडीच्या आसपास. बस.

षड्जपंचम ताई, तुमच्या गंधाराचं कारणही तेच आहे, आवाज लांब आणि स्थिर राहिला की कान त्याच्या आत शिरतो. भरभर बदलणाऱ्या आवाजात शिरायला वेळच मिळत नाही.

मखमलाबाद_नाका

मला झोपेसाठी फार उपयोग होतो. दहा तासांचे व्हिडिओ असतात ते लावून ठेवते, बाळ पण झोपतं. अल्बम वगैरे कधी बघितलं नाही.

ओली_टेप

झोपेसाठी लावा की ताई, यात वाईट काहीच नाही, फक्त बाळाच्या कानाजवळ फोन नको आणि आवाज अगदी कमी. पण एकदा जागेपणी पण ऐका. बनवणाऱ्याने त्यात पाचव्या मिनिटाला एक बारीकशी गोष्ट ठेवलेली असते, ती झोपलेल्या माणसाला कधीच भेटत नाही.

पानवेल

याचा इतिहास फार सुंदर आहे, थोडं लिहितो, पुण्याला शिकत असताना मी या सगळ्याच्या खूप मागे लागलो होतो.

ब्रायन ईनो हा इंग्लंडचा संगीतकार १९७५ च्या सुरुवातीला टॅक्सीच्या धडकेत जखमी होऊन घरी पडून होता. तो स्वतः सांगतो की भेटायला आलेल्या मैत्रिणीने हार्पची तबकडी आणून दिली, ती गेल्यावर त्याने कशीबशी उठून लावली आणि परत आडवा झाल्यावर कळलं की आवाज फारच कमी आहे आणि एक स्पीकर बंदच आहे. उठायची ताकद नव्हती. बाहेर पाऊस पडत होता. मग तो तसाच पडून राहिला, पावसाच्या आवाजातून हार्पचे सूर मधेच वर यायचे, परत बुडायचे. त्याला वाटलं संगीत असंही असू शकतं, खोलीतल्या उजेडासारखं, पावसासारखं. म्हणजे तुम्ही डॉक्टरांचं ऐकून हात मागे घेतला ना, तिथूनच हे सगळं सुरू झालंय!

पुढे १९७८ ला त्याने म्युझिक फॉर एअरपोर्ट्स काढला आणि त्यावर अँबिअंट हे नाव घातलं. त्यातल्या एका रचनेत माणसांच्या आवाजातले सुटे सूर वेगवेगळ्या लांबीच्या टेपवर घेऊन त्या टेपांची टोकं चिकटवून फिरवत ठेवलेत. एक सूर साडेतेवीस सेकंदांनी परत येतो, दुसरा साधारण सव्वीस सेकंदांनी, तिसरा तिसाच्या जवळपास. त्यामुळे ते एकमेकांना दर वेळी नव्या ठिकाणी भेटतात. नाशिककराला हे समजवायला नको, गुरू सिंह राशीत यायला १२ वर्षं, सूर्याला एक वर्ष, चंद्राला महिना, सगळे आपापल्या फेऱ्यांत आणि कधीतरी जुळून आलं की सिंहस्थ.

१९८९ ला लंडनच्या हेवन क्लबात नाचून दमलेल्या लोकांसाठी वेगळी खोली केली होती, तिथे द ऑर्ब या बँडवाले ठोका काढून टाकून रेकॉर्डी लावायचे, चिलआउट हा शब्द त्या खोल्यांमुळे पसरला. स्पेनच्या इबिझा बेटावर काफे देल मार या बारमध्ये होजे पादिया हा डीजे समुद्रावर सूर्य बुडताना संगीत लावायचा. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या मॅसिव्ह अटॅक या बँडचा ब्लू लाइन्स हा अल्बम १९९१ चा, त्यात रेगेचा बेस आणि हिपहॉपचा ठोका संथ करून घेतलाय. आणि गोदाकाठचा, तुमचा तो हायड्रोपोनिक गार्डन काढला होता फ्रान्समधल्या लियॉन गावच्या अल्टिमे या छोट्या कंपनीने. त्यांचं बाकीचं पण शोधा, सोलर फील्ड्स, एस दाना, सगळे तुमच्या बसला शोभतील असे आहेत.

सह्याद्रीपुत्र

आपल्याकडे कुणी केलं का असलं काही?

पानवेल

केलं ना काका, आणि जगाच्या बरोबरीने. १९६९ ला अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइनच्या संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्युडरने मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा केला आणि तिथल्या आपल्या लोकांनी त्यावर कामं केली. त्या टेपा पुष्कळ वर्षं तशाच पडून होत्या, २०२३ ला त्यातलं निवडक रेकॉर्डवर आलं. आणि मुंबईचे चरणजित सिंग, सिनेमाच्या वाद्यवृंदातले वादक, त्यांनी १९८२ ला रोलंड या कंपनीच्या तीन इलेक्ट्रॉनिक मशीनवर दहा राग वाजवले, त्यातलं एक मशीन टीबी-३०३, म्हणजे बेस वाजवणारा छोटा सिंथ. त्याचा ओला, वळवळणारा आवाज पुढे जगभरच्या क्लबात गाजला आणि संथ करून तोच आवाज हे स्वीडनवालेही वापरतात. चरणजितजींचा ठोका मात्र चांगलाच जलद आहे, रात्री झोपताना लावू नका.

कॅम्पवाला

मी देवळाली कॅम्पचा. लहानपणापासून तोफांचा सराव ऐकत आलोय. लांबून जो आवाज येतो ना, तो कानाला येतच नाही, आधी खिडकीची तावदानं थरथरतात आणि छातीत काहीतरी हलतं. तुमच्या त्या अल्बममधला खालचा बेस चांगल्या स्पीकरवर ऐकला तेव्हा एकदम आमच्या घराची आठवण झाली, आजी तावदानावर हात ठेवून उभी राहायची. मोबाइलच्या स्पीकरवर तो बेस येतच नाही, त्यामुळे अर्धं संगीतच जातं. साधे का होईना पण हेडफोन घ्या.

वणीची_वाट

मी तीन वेळा प्रयत्न केला, खरं सांगतो कंटाळा आला. एकच गोष्ट परत परत. मी चुकीचं ऐकतोय का?

गोदाकाठचा

चुकीचं काही नसतं हो. फक्त मला एवढं विचारायचंय की ऐकताना हातात फोन होता का? माझा अनुभव सांगतो, फोन बघत ऐकलं की मलाही काहीच होत नाही, कारण डोळ्याला दर सेकंदाला नवं मिळत असतं आणि कानाला मिळत नाही, मग कान बिचारा मागे पडतो. बसमध्ये फोन खिशात असतो, बाहेर अंधार, बघायला काही नाही, तेव्हा कान पुढे येतो.

एक करून बघा. सुरुवात ठोका असलेल्यापासून करा, एकदम निव्वळ अँबिअंटवर जाऊ नका. बोनोबो या संगीतकाराचा ब्लॅक सँड्स हा अल्बम आहे २०१० चा, त्यात खरी वाद्यं आहेत, व्हायोलिनं वगैरे, मन धरून ठेवतं. किंवा टायकोचा डाइव्ह, २०११ चा, गिटारचा आवाज ऊन पडल्यासारखा आहे. सोमेश्वरच्या धबधब्याकडे सकाळी लोक यायच्या आत जा, दगडावर बसा, एक कान उघडा ठेवा. पाण्याचा आवाज आत येऊ द्या. हे संगीत बाहेरच्या आवाजाला हाकलत नाही, म्हणूनच मला ते आवडतं. गेल्या महिन्यात बसमध्ये मागे कुणीतरी घोरत होतं, तेही चाललं.

वणीची_वाट

फोन हातात होता. रविवारी जातो सोमेश्वरला.

ओली_टेप

बाहेरच्या आवाजाचं निघालंच आहे तर सांगतो. मागच्या थंडीत नांदूरमधमेश्वरला पहाटे रेकॉर्डर घेऊन गेलो होतो. पक्षी उठायच्या आत पाण्यावर जी शांतता असते ती हवी होती मला, पॅडच्या खाली ठेवायला. घरी येऊन ऐकलं तर सगळीकडे वाऱ्याची फरफर, माइकवर केसाळ कापड लावायचं राहिलं होतं. पूर्ण तास गेला. शेवटच्या चाळीस सेकंदांत वारा पडला होता आणि लांब कुठेतरी एका मोटरपंपाचा आवाज, अगदी एका सुरात, सलग. मला आधी राग आला, मग तेच वापरलं. त्या पंपाच्या सुरावरच सगळं लावून घेतलं. आमच्या निफाडकडच्या पहाटेचा खर्ज तोच आहे.

षड्जपंचम

ओली_टेप, ते मला पाठवा. पंप कुठल्या पट्टीत आहे बघायचंय, मुलांना त्यावर षड्ज लावायला देते.

आणि गोदाकाठचा, तुम्हाला एक गृहपाठ. अण्णांचे टाळ घरात असतील ना? एकच जोडी घ्या, एकदाच वाजवा, आणि दोन्ही वाट्या दोरीने धरून कानाजवळ आणा. विझेपर्यंत ऐका. अण्णांनाही ऐकवा. मग लिहा.

रामकुंड_पलीकडे

यावरून नारोशंकराच्या देवळातली घंटा आठवली. वसईच्या मोहिमेत पोर्तुगीजांकडून आलेली. आमची पणजी सांगायची की पूर आला की पाणी चढलेलं तिच्यावरून कळायचं, हल्ली नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून बघतो तसं. घंटा वाजली की तिचं जे मागे राहतं त्याला आमच्याकडे 'घण' म्हणायचे, ठोका वेगळा आणि घण वेगळा. तुम्ही लोक जे ऐकताय ते ठोका काढून नुसता घण, असं मला वाटतंय.

ओली_टेप

रामकुंड_पलीकडे, 'नुसता घण', याच्याहून चांगली व्याख्या मी ऐकलेली नाही.

गोदाकाठचा

गृहपाठ केला, उशीर झाला, मधे आठवडाभर पहिली पाळी होती.

रविवारी संध्याकाळी अण्णा ओट्यावर बसले होते. त्यांचे टाळ आणले, काशाचे, कडा घासून गुळगुळीत झालेल्या, दोरी मागच्याच आषाढीला बदललेली. म्हणलं, एकदाच वाजवा आणि थांबा. ते म्हणाले, टाळ वाजवून थांबतात का कधी. तरी वाजवला. मी दोन्ही वाट्या त्यांच्या कानाजवळ धरल्या. आधी खणखणीत आवाज, तो गेला, मग त्याच्या मागून एक लांब सूर, आणि तो सूर सरळ नव्हता. व्हँव व्हँव व्हँव असा हलत होता, सेकंदाला तीन-चार वेळा, आणि हलत हलत बारीक होत गेला. मी मनात मोजलं, चौदापर्यंत ऐकू येत होता. अण्णा हलले नाहीत.

मग म्हणाले, दोन वाट्या एका सुराच्या कधी नसतात, कासार मुद्दाम किंचित फरक ठेवतो, अगदी एक झाल्या तर टाळ मुका लागतो. पन्नास वर्षं हे त्यांना माहिती होतं आणि मला कधी सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. ओली_टेपला फोन केला तर तो म्हणाला, सिंथमध्ये अगदी हेच करतात, एकच सूर दोन ठिकाणाहून काढायचा आणि एक किंचित चढा ठेवायचा, त्यानेच पॅड जिवंत वाटतो.

रात्री जेवणं झाल्यावर मी तोच अल्बम लावला, फोनवर नाही, कपाटातले जुने स्पीकर काढून, आवाज अगदी कमी, खिडकी उघडी, पाऊस भुरभुर. अण्णांना काही सांगितलं नाही. ते खाटेवर पडले होते, डोळे मिटलेले, मला वाटलं झोपले. साधारण विसाव्या मिनिटाला त्यांचा उजवा हात छातीवर हलायला लागला, टाळ धरल्यासारखी बोटं, पण वाजवत नव्हते, नुसतं वाट्या दूर धरून विझू देत होते.

अल्बम संपल्यावर बराच वेळ नुसता पाऊस होता. मग अंधारातून त्यांनी विचारलं, "दुसरी बाजू लाव की."